स्वयंचलित प्रेषण, मोटारगाडीचे : निवड व सबलीकरण

मोटारगाडीच्या एंजिनात निर्माण होणारी शक्ती चालक चाकांपर्यंत पोहोचविताना वेग व परिबल यांचे परस्परप्रमाण गाडीच्या गरजेनुसार बदलणाऱ्या यंत्रणेस प्रेषण म्हणतात. परिबल म्हणजे एखादा दंड फिरविणारा जोर. व्यवहारात त्यास टॉर्क म्हणतात व तो न्यूटन-मीटर या एककात मोजतात. वेग व परिबल यांच्या प्रमाणातील बदल चालकाने क्लच दाबून व दांडा हलवून करावयाचा असेल, तर ते हस्तचलित प्रेषण होय. गाडीचा वेग, प्रवेगकाची स्थिती व एंजिनावरील भार यांना अनुसरून तोच बदल आपोआप होत असेल, तर ते स्वयंचलित प्रेषण होय. लहान बांधणीच्या पण जोमदार एंजिनाच्या गाडीत अशा प्रेषणाची निवड विशेष काळजीपूर्वक करावी लागते. अशा गाडीत एंजिन बहुधा आडवे बसविलेले असते आणि प्रेषण व विभेदी दंतचक्रे ही दोन पुढच्या चाकांमधील उरलेल्या तोकड्या जागेत सामावून घ्यावी लागतात. परिबल वाढले म्हणून पेटीचा आकार हवा तसा वाढविता येत नाही. शिवाय मुंबईसारख्या दाट वाहतुकीच्या शहरात प्रेषणावर येणारा ताण केवळ एंजिनाच्या जोरावर अवलंबून नसतो, तर पेटीत साचणाऱ्या उष्णतेवरही अवलंबून असतो.

इतिहास : जर्मन अभियंते हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये जहाजांसाठी द्रवाच्या माध्यमातून शक्ती पोहोचविणाऱ्या यंत्रणेचे एकस्व घेतले. आजचे द्रवीय युग्मक व परिबल-परिवर्तक हे या कल्पनेतूनच आले. १९०८ सालच्या फोर्ड कंपनीच्या टी प्रतिमानात ग्रहीय दंतचक्रांची दोन गतींची पेटी होती. तीतील गती पायपट्ट्यांनी बदलत. द्रवीय युग्मक व ग्रहीय दंतचक्रे यांची सांगड घालणारे हायड्रामॅटिक हे प्रेषण जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९३९ मध्ये आणले आणि १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत ते प्रथम मिळू लागले. ब्यूइक गाडीतील डायनाफ्लो या प्रेषणात १९४८ मध्ये परिबल-परिवर्तकाचा उपयोग करण्यात आला. नेदर्लंड्समधील डाफ कंपनीने १९५८ मध्ये पट्टा व सरकत्या कप्प्यांवर चालणारे, गतिप्रमाण अखंडपणे बदलणारे प्रेषण लहान गाडीत बसवून दाखविले. दोन क्लचांच्या प्रेषणाची कल्पना १९३९ च्या सुमारास आदॉल्फ केग्रेस यांनी मांडली होती. परंतु मोठ्या प्रमाणावर विकल्या जाणाऱ्या गाडीत ती २००३ मध्ये फोक्सवॅगन कंपनीने आणली.

मुंबईच्या रस्त्यांवर दीर्घकाळ हस्तचलित प्रेषणाचेच राज्य होते. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यात तयार झालेली फियाट व तिचेच पुढचे नाव प्रीमियर पद्मिनी ही शहराची टॅक्सी म्हणून ओळखली जाई. तिचा चार गतींचा दांडा चक्राच्या खांबावर बसविलेला असे. दिवसभरात शेकडो वेळा क्लच दाबणे हा टॅक्सीचालकाच्या श्रमाचा मोठा भाग होता. या जातीची शेवटची काळीपिवळी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदली गेली व २० वर्षांची वयोमर्यादा पूर्ण होऊन ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून निवृत्त झाली. दरम्यान २०१४ मध्ये मारुती सेलेरिओ या लहान गाडीबरोबर स्वस्त स्वयंचलित पेटी बाजारात आली आणि क्लचच्या पायपट्टीविना चालणारी गाडी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यात आली.

प्रकार व कार्य : लहान गाड्यांत चार प्रकारची स्वयंचलित प्रेषणे आढळतात.

(१) परिबल-परिवर्तकाचे प्रेषण : यास टॉर्क कन्व्हर्टर पद्धती म्हणतात. तेलाने भरलेल्या बंद कवचात तीन पातीयुक्त चक्रे असतात. एंजिनाबरोबर फिरणारे प्रेरक चक्र तेल बाहेरच्या बाजूस फेकते, ते तेल टरबाइन चक्रास फिरविते व परत येताना मधल्या स्टेटर चक्रावर आपटून योग्य दिशेस वळते. टरबाइन स्थिर वा मंद असताना या वळणामुळे परिबल सुमारे दुप्पट होते. गाडीने वेग घेतल्यावर एक क्लच प्रेरक व टरबाइन यांना एकमेकांस जखडून टाकतो व घसरण थांबते. परिवर्तकामागे ग्रहीय दंतचक्रांचे संच असतात. मधले सूर्यचक्र, त्याभोवतीची ग्रहचक्रे व बाहेरचे कडे यांपैकी कोणते धरून ठेवावे व कोणते फिरवावे, हे तेलाच्या दाबाने चालणारे बहुचकती क्लच ठरवितात [→ दंतचक्र].

(२) अखंड बदलाचे प्रेषण : यात दोन कप्प्यांमध्ये पोलादी पट्टा असतो. कप्प्यांच्या बाजू जवळ-दूर सरकल्या की गतिप्रमाण धक्क्याविना बदलते. शक्तीचे वहन पट्टा व कप्पी यांमधील घर्षणाने होत असल्याने परिबलाची मर्यादा कडक असते. पट्टा एकदा घसरला की कप्पीवर ओरखडे उमटतात व ते भरून काढता येत नाहीत.

(३) दोन क्लचांचे प्रेषण : यात सम व विषम गतींसाठी स्वतंत्र क्लच असतात. एक गती चालू असताना पुढची गती अगोदरच जुळवून ठेवलेली असल्याने बदल अत्यंत जलद होतो. क्लच कोरडे असतात किंवा तेलात बुडालेले असतात. हा फरक बाहेरून दिसत नाही. परंतु निवडीच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे.

(४) स्वयंचलित केलेली हस्तचलित पेटी : यात नेहमीचीच पेटी व नेहमीचाच कोरडा क्लच असून ते हलविण्याचे काम विद्युत् वा द्रवीय यंत्रणा करते. ही पेटी स्वस्त व काटकसरी असते. मात्र गती बदलताना शक्तीचा प्रवाह क्षणभर तुटतो.

निवडीचे निकष : पहिला निकष परिबलाचा. गाडीची जाहिरात अश्वशक्तीवर होते, पण प्रेषणातील दंड, दाते व क्लच यांवर येणारा ताण परिबलाने ठरतो. शक्ती ही परिबल व फेऱ्यांची संख्या यांच्या गुणाकाराने मिळत असल्यामुळे जास्त शक्तीचे एंजिन कमी परिबलाचे असू शकते. उदा., २०२० सालच्या होंडा सिटी गाडीचे दीड लिटरचे पेट्रोल एंजिन १२१ अश्वशक्तीचे असून त्याचे कमाल परिबल १४५ न्यूटन-मीटर होते, तर त्याच वर्षीच्या फोक्सवॅगन पोलो गाडीतील एक लिटरच्या टर्बोचार्जरयुक्त एंजिनाची शक्ती ११० अश्वशक्ती म्हणजे कमी, परंतु परिबल १७५ न्यूटन-मीटर म्हणजे जास्त होते. शिवाय टर्बोचार्जरमुळे हे परिबल कमी फेऱ्यांतच मिळू लागते व त्यामुळे पेटीस ते वारंवार सोसावे लागते. म्हणून पेटीची निर्मात्याने दिलेली परिबलमर्यादा एंजिनाच्या कमाल परिबलापेक्षा पुरेशी जास्त आहे की नाही, हे प्रथम पाहतात.

दुसरा निकष उष्णतेचा. घसरण जेथे होते तेथे शक्तीचे रूपांतर उष्णतेत होते. गाडी थांबलेली असून पेटी चालू गतीत असेल व एंजिन मंद चालीत दर मिनिटास ७५० फेऱ्यांनी फिरत असेल, तर परिवर्तकातील परिबल २० न्यूटन-मीटर धरल्यास सुमारे दीड किलोवॉट उष्णता तेलात उतरते. घरातील पाणी तापविण्याच्या विजेच्या बंबाची शक्ती साधारण २ किलोवॉट असते, हे लक्षात घेता प्रत्येक सिग्नलवर पेटीत असा एक लहान बंब चालू असतो असे म्हणता येईल. त्याच स्थितीत ब्रेक न सोडता प्रवेगक दाबला व एंजिनाने २,००० फेऱ्यांवर १०० न्यूटन-मीटर परिबल दिले, तर ही उष्णता सुमारे २१ किलोवॉट होते. काही नव्या पेट्या थांब्याच्या वेळी आतील क्लच सैल करून ही उष्णता कमी करतात.

प्रेषणातील तेलाचे कार्यकारी तापमान सामान्यतः ८०° ते ९५° से. असते. त्यापलीकडे दर १०° से. वाढीस तेलाचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा स्थूल नियम आहे. सुमारे ११५° से. पासून तेलाचा चिकट लेप झडपांवर बसू लागतो, त्यापुढे रबरी गळतीरोधक कडक होतात व अखेरीस क्लचचे अस्तर करपते. पेटी निकामी होण्याचे मूळ कारण पुष्कळदा एखाद्या दिवशी पडलेला जोर नसून महिनोन् महिने साचलेले तापमान हेच असते.

तिसरा निकष गतिप्रमाणांचा व चौथा जागेचा. पहिल्या गतीचे प्रमाण मोठे असेल, तर चढावर क्लच वा परिवर्तक कमी घसरतो; शेवटच्या गतीचे प्रमाण लहान असेल, तर वेगवान रस्त्यावर एंजिन शांत चालते. दोन्ही साधण्यासाठी गतींची संख्या वाढवावी लागते व पेटीची लांबी दोन चाकांमधील अंतरात बसवावी लागते.

मुंबईतील वापराची परिस्थिती : दक्षिण व मध्य मुंबईत वरील सर्व निकषांची एकाच फेरीत कसोटी लागते. गिरगावात जगन्नाथ शंकरशेट मार्ग, ठाकूरद्वार, खेतवाडी या भागांत गाडी माणसाच्या चालीने सरकते. मलबार टेकडी व कंबाला टेकडी यांचे चढ, १९६५ मध्ये बांधलेला केम्स कॉर्नरचा उड्डाणपूल, तसेच चिंचपोकळी व करी रोड येथील रेल्वेमार्गावरील पूल येथे रांगेत थांबून पुन्हा चढावर निघावे लागते. परळ व लालबाग भागांतील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरील लांबच्या वाहतुकीसाठी २०११ मध्ये लालबागचा उड्डाणपूल खुला झाला. तरी खालच्या रस्त्यावर, विशेषतः गणेशोत्सवाच्या दिवसांत, गाड्या तासन् तास पावलापावलाने सरकतात. याउलट २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या किनारी रस्त्यावर ताशी ८० किमी.ची मर्यादा असल्याने तीच गाडी काही मिनिटांत रांगत्या चालीवरून वेगवान प्रवासावर जाते. वेगात हवेच्या झोताने शीतक थंड होतो. रांगेत मात्र तो केवळ पंख्याच्या आधारावर असतो.

चढावर गाडी कशी थोपवितात, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. माणसांसह १,२०० किग्रॅ. वजनाची गाडी दहास एक अशा चढावर धरून ठेवण्यास सुमारे १,१८० न्यूटन प्रेरणा लागते. चाकाची त्रिज्या ०·३ मी. व पहिल्या गतीतील एकूण प्रमाण १४ धरल्यास पेटीच्या आदान दंडावर सुमारे २५ न्यूटन-मीटर परिबल लागेल. हा आकडा लहान वाटतो. परंतु ब्रेक न लावता प्रवेगकाच्या आधारे गाडी तेथेच तोलून धरली व एंजिन ९०० फेऱ्यांवर असले, तर क्लचमध्ये सुमारे २·४ किलोवॉट उष्णता निर्माण होते. क्लच कोरडा असेल व त्याच्या लोखंडी भागांचे वस्तुमान ४ किग्रॅ. असेल, तर बाहेर जाणारी उष्णता सोडून दिल्यास एका मिनिटात त्याचे तापमान ७५° से.हून अधिक वाढेल. तेलात बुडालेल्या क्लचाची किंवा परिवर्तकाची उष्णता तेल वाहून नेते. कोरड्या क्लचाला तशी सोय नसते. म्हणून ज्याचा रोजचा प्रवास गिरगाव ते दादर असा रांगेचा आहे, त्याच्यासाठी परिवर्तकाचे अथवा ओल्या क्लचांचे प्रेषण अधिक सुरक्षित ठरते. ज्याचा प्रवास मुख्यतः खुल्या रस्त्यांवर आहे, त्यास कोरड्या दुहेरी क्लचाची तत्परता व इंधनबचत लाभदायक ठरते.

महाराष्ट्रात तयार झालेल्या काही गाड्या : पुणे जिल्ह्यातील कारखान्यांतून बाहेर पडलेल्या लहान पण जोमदार गाड्यांकडे पाहिले असता निर्मात्यांनी हा प्रश्न निरनिराळ्या प्रकारे सोडविल्याचे दिसते. चाकण येथे तयार होणारी फोक्सवॅगन पोलो जीटी २०१३ मध्ये १·२ लिटरच्या, १०५ अश्वशक्तीच्या व १७५ न्यूटन-मीटर परिबलाच्या एंजिनासह आली. तिच्यात सात गतींचे कोरड्या दुहेरी क्लचांचे प्रेषण होते. २०२० मध्ये याच गाडीत एक लिटरचे एंजिन आले. परिबल तेवढेच राहिले; पण प्रेषण मात्र परिबल-परिवर्तकाचे, सहा गतींचे देण्यात आले. पोलोचे भारतातील उत्पादन २०२२ मध्ये थांबले. त्याच कारखान्यात २०२१ पासून तयार होऊ लागलेल्या टायगुन गाडीत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी आढळतात : एक लिटरच्या १७८ न्यूटन-मीटर एंजिनास परिवर्तक, तर दीड लिटरच्या २५० न्यूटन-मीटर एंजिनास सात गतींचे कोरडे दुहेरी क्लच. या दुसऱ्या पेटीची निर्धारित मर्यादाही २५० न्यूटन-मीटरच आहे. म्हणजे मूळ स्थितीत ती एंजिनास पुरेशी असली, तरी एंजिनाचे परिबल आणखी वाढविण्यास तेथे अवकाश उरत नाही.

रांजणगावच्या कारखान्यातील अबार्थ पुंटो या २०१५ सालच्या गाडीचे १·४ लिटरचे टर्बोचार्जरयुक्त एंजिन १४५ अश्वशक्तीचे व २१२ न्यूटन-मीटर परिबलाचे होते. तिला पाच गतींची हस्तचलित पेटीच देण्यात आली. टाटा मोटर्सने नेक्सॉनच्या ११० अश्वशक्तीच्या टर्बो पेट्रोल एंजिनास २०१८ मध्ये स्वयंचलित केलेली हस्तचलित पेटी जोडली व २०२३ मध्ये ओल्या दुहेरी क्लचांचा पर्याय उपलब्ध केला. तत्पूर्वी २०२२ मध्ये अल्ट्रोज या लहान गाडीत ओल्या दुहेरी क्लचांचे प्रेषण आले होते. तिच्या एंजिनाचे परिबल केवळ ११३ न्यूटन-मीटर होते. ओला क्लच निवडण्यामागे परिबलाइतकाच उष्णतेचाही विचार असू शकतो, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

सबलीकरण : एंजिनाची शक्ती वाढविल्यावर अथवा मूळ पेटी वारंवार तापत असल्यास प्रेषण सबळ करण्याचा विचार केला जातो. प्रेषण ही अनेक कड्यांची साखळी असून एक कडी मजबूत केली की ताण पुढच्या दुर्बळ कडीवर जातो. त्यामुळे सबलीकरण क्रमाने करावे लागते.

प्रथम मोजमाप करतात. तेलाचे तापमान, मुख्य वाहिनीतील दाब, प्रत्येक गतिबदलास लागणारा वेळ व घसरण यांच्या नोंदी नियंत्रकातून घेतात. तेलास जळका वास येणे वा ते काळवंडणे ही क्लचचे अस्तर करपल्याची खूण असते. चाके रोखून व ब्रेक दाबून प्रवेगकाने एंजिनाचे कमाल फेरे पाहण्याची एक जुनी चाचणी आहे. ती केवळ परिवर्तकाच्या प्रेषणावर, निर्मात्याने अनुमती दिली असेल तेव्हाच व काही सेकंदांपुरतीच करावयाची असते. दुहेरी क्लचांवर ती करू नये.

दुसरी पायरी शीतनाची होय. जादा शीतक बसविणे हा सबलीकरणाचा सर्वांत कमी खर्चाचा व बहुतेक वेळा सर्वांत परिणामकारक उपाय असतो. तेल थंड असताना ते शीतकास वळसा घालून जाईल अशी तापनियंत्रित झडप सोबत हवी, कारण फार थंड तेल घट्ट राहून झडपांचे काम मंदावते. शीतकास वाहत्या हवेची जागा व स्वतंत्र पंखा असणे रांगेतील वाहतुकीसाठी अगत्याचे असते.

तिसरी पायरी क्लचांच्या धारणशक्तीची. बहुचकती क्लचाचे परिबल हे घर्षणपृष्ठांची संख्या, घर्षण गुणांक, दाबणारी प्रेरणा व पृष्ठाची मध्य त्रिज्या यांच्या गुणाकाराइतके असते. समजा, पृष्ठे ८, गुणांक ०·१२, प्रेरणा ५,००० न्यूटन व त्रिज्या ०·०६ मी. आहे, तर क्लच २८८ न्यूटन-मीटर परिबल धरू शकेल. एंजिनाचे परिबल १५० न्यूटन-मीटर असून परिवर्तक ते १·९ पट करीत असेल, तर क्लचावर २८५ न्यूटन-मीटर येतात व तो जेमतेम पुरतो. एंजिनाचे परिबल १८० न्यूटन-मीटरपर्यंत वाढविल्यास क्लचावर ३४२ येतील व तो घसरेल. एक अस्तरी चकती वाढवून पृष्ठे १० केली, तर धारणशक्ती ३६० होते. पण शिल्लक अवघी ५ टक्के राहते. त्यासोबत तेलाचा दाब १० टक्क्यांनी वाढविल्यास ती ३९६ होऊन सुमारे १६ टक्के शिल्लक मिळते. मात्र याची किंमत मोजावी लागते. चकती वाढविण्यासाठी जागा हवी म्हणून पोलादी चकत्या पातळ केल्या, तर त्यांची उष्णता सामावण्याची क्षमता घटते. दाब वाढविला, तर पंपाचा व गळतीरोधकांचा भार वाढतो आणि गतिबदल धक्क्याने होऊ लागतो.

चौथी पायरी नियंत्रणाची. आधुनिक गाडीत गती बदलण्याच्या क्षणी एंजिनाचा नियंत्रक परिबल थोडे कमी करतो व तेवढ्या अवधीत क्लच पकड घेतात. एंजिनाचे नियंत्रण बदलून शक्ती वाढविली, पण ही बाब प्रेषणाच्या नियंत्रकास कळली नाही, तर तो खऱ्यापेक्षा कमी परिबल गृहीत धरून कमी दाब देतो व क्लच घसरतात. म्हणून दोन्ही नियंत्रकांचे जुळविलेले बदल आवश्यक असतात. कमी फेऱ्यांवर मिळणाऱ्या परिबलास मुद्दाम मर्यादा घालणे हाही एक शहाणपणाचा उपाय आहे.

यानंतरच कठीण केलेले आदान दंड, मजबूत एकदिश क्लच, अधिक चकत्यांचा जखडक्लच असलेला परिवर्तक व सुधारलेले धारवे यांचा विचार करतात. अखेरीस विभेदी दंतचक्रे, चाकांकडे जाणारे दंड व एंजिनाचे आधार यांची पाळी येते. पट्ट्याच्या अखंड बदलाच्या प्रेषणास सबलीकरणास फारसा वाव नसतो. तेथे परिबल मर्यादेत ठेवणे हाच मार्ग उरतो. स्वयंचलित केलेल्या हस्तचलित पेटीचा क्लच बदलणे सोपे असते. पण क्लच बळकट झाल्यावर दाते व दंड हेच दुर्बळ ठरू शकतात.

पेटी बदलणे व कायदा : गिरगावाच्या उत्तरेस ऑपेरा हाऊस व डॉ. भडकमकर मार्ग, म्हणजे पूर्वीचा लॅमिंग्टन रोड, या परिसरात मोटारींच्या सुट्या भागांचा जुना बाजार आहे. मूळ पेटीऐवजी मोठी पेटी बसविण्याची कल्पना अशा ठिकाणी सहज सुचते. परंतु बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पेट्यांची गतिप्रमाणे, परिवर्तक, खाचा व नियंत्रक वेगळे असू शकतात. पेटीवरील सांकेतिक क्रमांक जुळल्याखेरीज, तसेच एंजिनाशी जोडणीचे तोंड, चाकांच्या दंडांची लांबी, वेगसंवेदक व नियंत्रकांमधील संदेशवहन यांची खात्री केल्याखेरीज असा बदल यशस्वी होत नाही.

याशिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कडक अर्थ लावला. म्हणून एंजिन वा प्रेषण यांत बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे व विमा कंपनीस कळविणे हिताचे असते. मुंबईच्या मूळ बेटावरील वाहनांसाठी हे कार्यालय ताडदेव येथे आहे. न कळविलेल्या बदलामुळे निर्मात्याची हमी संपुष्टात येऊ शकते व अपघातानंतरचा विम्याचा दावा वादात सापडू शकतो. शीतक, योग्य तेल व झिजलेल्या भागांच्या जागी त्याच प्रतीचे नवे भाग बसविणे हे मात्र दुरुस्तीच्या स्वरूपाचे काम असते.

निगा : पावसाळ्यात दादर-परळ दरम्यानच्या हिंदमाता परिसरासारख्या सखल भागांत पाणी साचत आले आहे, तेथे महानगरपालिकेने भूमिगत साठवण टाक्याही बांधल्या आहेत. पेटीच्या माथ्यावर हवेसाठी एक लहान श्वासनलिका असते. तापलेली पेटी पाण्यात अचानक थंड झाली की आतील हवा आकुंचन पावते व नलिकेवाटे पाणी आत ओढले जाऊ शकते. क्लचच्या कागदी अस्तराचा चिकटपणा अल्पशा पाण्यानेही सुटतो. तेल दुधाळ दिसू लागले, तर गाडी न चालविता तेल पूर्णपणे बदलून घ्यावे लागते. श्वासनलिका रबरी नळीने उंचावर नेणे हा मुंबईच्या दृष्टीने सोपा व उपयुक्त उपाय आहे.

तेल निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचेच वापरतात, कारण घर्षण गुणांक तेलातील पूरकांवर अवलंबून असतो. भलत्या तेलाने क्लच थरथरतात. पेटीत आयुष्यभराचे तेल भरले आहे असे सांगितलेले असले, तरी सतत रांगेत चालणाऱ्या गाडीचे तेल व गाळणी ठराविक काळाने बदलणे इष्ट असते. चढावर गाडी ब्रेकने थोपविणे व रांगेत थोडे अंतर मोकळे सोडून मग एकदम पुढे जाणे, या सवयींनी क्लचचे आयुष्य वाढते. त्यांस काहीही खर्च येत नाही.

विजेवर चालणाऱ्या बहुतेक मोटारगाड्यांत चलित्र शून्य वेगापासूनच पूर्ण परिबल देते व एकच गतिप्रमाण पुरते. त्यामुळे गती बदलणाऱ्या प्रेषणाची तेथे गरज राहत नाही. परंतु एंजिनाच्या गाड्या रस्त्यावर आहेत तोपर्यंत प्रेषणाची निवड परिबल पाहून, त्याची खात्री तापमान पाहून आणि त्याचे सबलीकरण सर्वांत दुर्बळ कडी पाहून करणे, हाच व्यवहार्य मार्ग होय [→ मोटारगाडी].